जपानी धर्तीच्या रेस्टॉरंटमध्ये मासे खाताना काय मागवावे, काय टाळावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या विश्रामबागेतले एक कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाणार आहे. मुक्कामाजवळ जपानी धर्तीवर मासळीचे पदार्थ देणारे एक रेस्टॉरंट आहे आणि मुलांच्या हट्टामुळे एका रात्रीचे जेवण तिथे ठरले आहे. सोबत माळकरी सासूबाई, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे सासरे, पाचवा महिना लागलेली नणंद आणि १४ व ७ वर्षांची दोन मुले आहेत. ताईंनी विचारले आहे की गोव्यात मासा ताजाच मिळतो, तेव्हा तो कच्चा खायला हरकत आहे का, कोणासाठी काय मागवावे, आणि सासूबाईंना तिथे खाण्यासारखे काही मिळेल का.

ताई, आपल्या प्रश्नातल्या ‘गोव्यात मासा ताजाच मिळतो’ या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत मासळीचे काम पाहण्यात माझ्या नोकरीचा मोठा काळ गेला, आणि आता साताऱ्यात या व्यवसायात येणाऱ्या मुलांना मी हेच काम शिकवतो. त्या मुलांना पहिल्याच आठवड्यात पटवून द्यावी लागते ती गोष्ट ही, की ताजा मासा आणि कच्चा खाण्याजोगा मासा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहाटे जाळ्यात आलेली, कल्ले लालभडक आणि डोळे चमकदार असलेली सुरमई कालवणाला उत्तमच. पण तिचे काप दुपारी कच्चे वाढले तर ते धोक्याचे ठरू शकतात. उलट परदेशातून आलेला आणि महिनाभरापूर्वी योग्य तऱ्हेने गोठवलेला सॅमन कच्चा खायला योग्य असू शकतो. आपल्याकडे गोठवलेला म्हणजे शिळा, असा समज घट्ट बसलेला आहे. कालवणाच्या बाबतीत त्यात थोडेफार तथ्यही आहे. कच्च्या माशाच्या बाबतीत मात्र मुद्दाम गोठवणे हाच सुरक्षिततेचा मुख्य उपाय आहे.

त्याचे कारण असे. समुद्रातल्या अनेक माशांच्या पोटात अ‍ॅनिसाकिस नावाच्या कृमीच्या अळ्या असतात. मासा मेल्यानंतर पोट साफ करायला उशीर झाला, तर त्या आतड्यांतून मांसात शिरू शकतात. मासा शिजवला की त्या मरतात, म्हणून आपल्या आजी-पणजीला त्यांची कधी चिंता करावी लागली नाही. लिंबाने, व्हिनेगरने, मिठाने किंवा वसाबी या झणझणीत हिरव्या जपानी तोंडीलावण्याच्या तिखटपणाने त्या मरतील अशी खात्री देता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार कच्चा वाढायचा मासा उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात ७ दिवस ठेवावा लागतो, किंवा उणे ३५ अंशांत घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवावा लागतो. ट्यूनाच्या काही मोठ्या जातींना आणि तयार खाद्यावर वाढवलेल्या सॅमनला यातून सूट आहे, कारण त्यांच्यात या अळ्या क्वचितच आढळतात. घरच्या फ्रीजचा वरचा कप्पा फार तर उणे १८ अंशांपर्यंत जातो आणि दार उघडले की तेही टिकत नाही. त्यामुळे घरी मासा गोठवून सुशी, म्हणजे आंबटसर भाताबरोबरचा जपानी पदार्थ, करण्याचा विचार मुलांच्या डोक्यात असेल तर तो तिथेच थांबवावा.

गोठवण्याने सगळेच प्रश्न सुटत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. बांगडा, तारली, सुरमई आणि कुपा, म्हणजे ट्यूना, या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. पकडल्यानंतर मासा काही तास उन्हात किंवा अपुऱ्या बर्फात राहिला तर जिवाणू त्याचे हिस्टामाइन करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामाइन नंतर गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. असा मासा जिभेला किंचित झोंबतो आणि जेवणानंतर काही मिनिटांपासून तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात. लोक याला माशाची अ‍ॅलर्जी समजतात, पण हा मासा सांभाळणाऱ्यांचा दोष असतो. तिसरा प्रश्न उबदार समुद्रातल्या जिवाणूंचा. १९५० साली ओसाकामध्ये शिरासू नावाच्या अर्धवट सुकवलेल्या बारीक मासळीतून विषबाधा होऊन २७२ जण आजारी पडले आणि २० जण दगावले. त्या प्रकरणाच्या तपासात त्सुनेसाबुरो फुजिनो यांना जो जिवाणू सापडला, तो आज व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस या नावाने ओळखला जातो. मासळी थंड ठेवण्याच्या बाबतीत जपानी स्वयंपाकी इतका काटेकोर असतो, त्यामागे असे अनुभव आहेत. अरबी समुद्राचे पाणी उबदार असल्यामुळे कालवे, तिसऱ्या आणि शिनाणे हे शिंपल्यातले जीव गोव्यात कच्चे खाऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे जीव पाणी गाळून त्यातले अन्न घेतात आणि पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठते. वाफवलेले किंवा शिजवलेले असतील तर खुशाल खावेत.

याच ओघात घरच्या बाजाराविषयी दोन वाक्ये. सांगलीला येणारी समुद्राची मासळी बहुतेक रत्नागिरीकडून आंबा घाटाने कोल्हापूरमार्गे बर्फात येते, आणि कऱ्हाड-साताऱ्याकडे चिपळूणहून कुंभार्ली घाटाने येते. चांगला विक्रेता असेल तर ती कालवणाला व तळायला उत्तम असते, पण कच्चे खाण्यासाठी कोणी ती हाताळलेली नसते. कृष्णेतले किंवा धरणातले रोहू, कटला, मरळ, वाम हे मासे तर कच्चे किंवा अर्धकच्चे कधीही खाऊ नयेत. गोड्या पाण्यातल्या माशांत वेगळेच कृमी असतात.

आता रेस्टॉरंटविषयी. आदल्या दिवशी फोन करून जागा राखून ठेवाल, तेव्हाच दोन प्रश्न विचारावेत: कच्चा वाढता तो मासा कुठून येतो, आणि तो गोठवलेला असतो का. ‘आमच्याकडे सगळे रोजच्या रोज होडीतून येते’ असे अभिमानाने सांगितले, तर तिथे कच्चे काही मागवू नये. ‘सॅमन आयात केलेला आणि गोठवलेला असतो, ट्यूनाच्या लाद्या गोठवलेल्या येतात, आदल्या रात्री फ्रीजमध्ये डिफ्रॉस्ट करतो’ असे साधे, तपशिलाचे उत्तर आले, तर त्या स्वयंपाकघरात काम जाणणारा माणूस आहे असे समजावे. जाणता स्वयंपाकी या प्रश्नाने दुखावत नाही. कोणीतरी आपल्या कामाची चौकशी केली याचा त्याला आनंदच होतो.

तिथे पोहोचल्यावर शक्य असेल तर सुशीच्या काउंटरसमोर दोन मिनिटे उभे राहावे. मासा काचेच्या थंड कपाटात झाकलेला आहे, की फळीवर उघडा पडला आहे? कापणारा सुरी एका ओढीत खेचतो, की करवतीसारखी मागे-पुढे करतो? जपानी पद्धतीच्या लांब सुरीला एकाच बाजूने धार असते आणि एका ओढीत कापलेल्या तुकडीचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत राहतो. ट्यूनाचा रंगही पाहावा. डिफ्रॉस्ट केलेल्या चांगल्या ट्यूनाचा रंग गडद लाल असतो आणि काही तासांत कडेने तपकिरी होऊ लागतो. टरबुजासारखा एकसारखा, भडक गुलाबी आणि कितीही वेळ न बदलणारा रंग दिसला तर त्या माशावर बहुधा कार्बन मोनॉक्साइड वायूची प्रक्रिया झालेली असते. त्या प्रक्रियेने माणसाला थेट अपाय होतो असे नाही, पण मासा जुना झाला तरी रंगावरून ते कळत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या हातातली एक खूण नाहीशी होते. असा ट्यूना मी कच्चा खात नाही.

माशापेक्षाही भाताकडे लक्ष द्यावे, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. सुशीचा पाया भातच आहे. आखूड दाण्याच्या चिकट तांदळाचा भात गरम असतानाच त्यात तांदळाचे व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून तो हलक्या हाताने उलथतात आणि पंख्याने वारा घालतात. चवीसाठी तर हे असतेच, पण व्हिनेगरच्या आंबटपणामुळे भातातल्या जिवाणूंची वाढही रोखली जाते, आणि म्हणूनच हा भात फ्रीजबाहेर काही तास ठेवता येतो. वाढताना तो अंगाच्या उबेइतका कोमट असावा आणि तोंडात घातल्यावर दाणे सुटे व्हावेत. भात गार आणि कडक लागला तर ती सुशी आधी वळून फ्रीजमध्ये ठेवली होती, हे निश्चित. रोल म्हणजे सुशीची वळकटी; तिच्याभोवतीचा समुद्रशेवाळाचा कागद, ज्याला नोरी म्हणतात, तो दाताखाली चटकन तुटला पाहिजे. गोव्याच्या दमट हवेत तो काही मिनिटांत सादळतो, म्हणून रोल समोर आला की फोटोसाठी न थांबता खावा. पहिली बशी मुद्दाम लहान मागवावी; भात आणि नोरी यांवरून पुढे काय मागवायचे ते ठरवता येते. हॉटेलच्या बुफेत मांडून ठेवलेली कच्च्या माशाची सुशी मात्र कितीही आकर्षक दिसली तरी घेऊ नये.

मुलांनी व्हिडिओ पाहून सुशी म्हणजे कच्चा मासा असे समीकरण बसवले असेल. प्रत्यक्षात सुशीच्या भाताबरोबरचे कितीतरी प्रकार शिजवलेले असतात. कोळंबी बहुधा उकडलेली असते, ऑक्टोपस उकडलेला असतो, उनागी नावाची वाम भाजून गोडसर रसात घोळवलेली असते, कारण तिचे रक्त कच्चे असताना विषारी असते आणि ती सहसा कच्ची खात नाहीत. खेकड्याच्या काड्या म्हणून जे मिळते ते बहुधा माशाच्या मांसाचा लगदा वाफवून केलेले असते, आणि तामागो म्हणजे गोडसर अंड्याची घडी. कॅलिफोर्निया रोल हा उत्तर अमेरिकेत रुजलेला प्रकार आहे. त्यात खेकडा किंवा खेकड्याची काडी, काकडी आणि अ‍ॅव्होकॅडो असते, कच्चा मासा नसतो. त्यामुळे मुलांना सुशी खाल्ल्याचे समाधान आणि आपल्याला निश्चिंतता, दोन्ही साधते. ७ वर्षांच्या मुलाला कच्चे काहीच देऊ नये. १४ वर्षांच्या मुलाची प्रकृती उत्तम असेल आणि फोनवरची उत्तरे समाधानकारक असतील, तर सॅमनच्या एक-दोन निगिरी खाऊ द्यायला माझी हरकत नाही. निगिरी म्हणजे बोटभर लांबीच्या भाताच्या मुटक्यावर बसवलेली माशाची तुकडी, आणि साशिमी म्हणजे भाताशिवाय नुसते कच्चे काप.

सॅमनबाबत एक खबरदारी. मेनूवर ‘इंडियन सॅमन’ असे लिहिलेले असेल तर तो आपला रावस आहे. रावस हा फार चांगला मासा आहे, पण तो किनाऱ्यावर पकडलेला रानटी मासा आहे आणि सॅमनशी त्याचे नाते नाही. नॉर्वेसारख्या देशातून येणाऱ्या पाळीव सॅमनला जी सवलत आहे ती रावसला लागू होत नाही. तो भाजून किंवा मिसोमध्ये, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, मुरवून मागवावा.

खरे सांगायचे तर गोव्यात अशा ठिकाणी माझ्या पैशाने जेवायचे असेल, तर मी आयात सॅमनपेक्षा आपल्याच समुद्रातला मासा जपानी हाताने भाजलेला मागवीन. जपानमध्ये घरोघरी होणारा एक पदार्थ म्हणजे मीठ लावून विस्तवावर भाजलेला बांगडा. त्यांचा बांगडा आणि आपला बांगडा जातीने थोडे वेगळे आहेत, पण गुण तोच. माशाला दोन्ही बाजूंनी मीठ चोळून अर्धा तास ठेवतात. मिठाने ओढलेले पाणी बाहेर येते आणि त्याबरोबर उग्र वासही उतरतो. ते पाणी फडक्याने पूर्ण टिपून घेतात, कातडीवर तिरक्या दोन-तीन चिरा देतात आणि मग कडक आचेवर धरतात. मासळीतले तेल निखाऱ्यावर ठिबकते, त्याचा धूर माशाला लागतो, कातडी फुगून जागोजागी करपते आणि आतले मांस मात्र ओले राहते. सोबत किसलेला पांढरा मुळा आणि लिंबाची फोड एवढेच. आपल्याकडे बांगड्याला आगळ, हळद, तिखट आणि रवा लावल्याशिवाय चैन पडत नाही, आणि ती चव मलाही प्रिय आहे. परंतु नुसत्या मिठावर भाजलेला बांगडा खाल्ला की त्या माशाला स्वतःची केवढी चव आहे हे कळते. नोव्हेंबरमध्ये किनाऱ्यावर मासळी चांगली असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची यांत्रिक मासेमारीबंदी असते आणि तुम्ही जाल तेव्हा हंगाम भरात आलेला असेल. मेनूवर बांगडा नसला तरी ‘आज किनाऱ्याचा कोणता मासा मिठावर भाजून मिळेल’ असे अवश्य विचारावे. मिसोमध्ये मुरवलेला मासाही सोडू नये; मिसोच्या गोडीमुळे माशाची कड छान खरपूस होते.

तेंपुरा हा मुलांना नक्की आवडेल असा दुसरा पदार्थ. मैदा, अंडे आणि बर्फाचे पाणी यांचे पीठ जेमतेम ढवळतात, गुठळ्या तशाच राहू देतात, आणि १७० ते १८० अंशांच्या तेलात तळतात. पीठ जास्त घोटले तर आवरण भज्यासारखे जाड व चिवट होते. कोळंबी सरळ राहावी म्हणून तिच्या पोटाच्या बाजूने लहान चिरा देऊन ती हलकेच ताणतात. तळण्याची ही रीत जपानला सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडून मिळाली असे मानले जाते. त्याच काळात सेंट फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ साली जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले, आणि त्यांचे अवशेष आज जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकामध्ये आहेत. मुलांना ते चर्च दाखवणार असालच, तर संध्याकाळच्या जेवणाचा हा धागा त्यांना जरूर सांगावा.

मसालेदार मेयोनेज, चीज आणि तीन-तीन सॉस ओतलेले रोल अशा रेस्टॉरंटमध्ये फार खपतात. ज्याला आवडतात त्याने खावेत, पण कच्चा मासा असलेला असा रोल मी टाळतो. इतक्या सॉसखाली मासा कोणत्या दर्जाचा आहे ते जिभेला कळत नाही.

सासूबाईंचा प्रश्न मी सर्वात गंभीरपणे घेतो, कारण इथे फसगत होते ती न दिसणाऱ्या गोष्टींत. जपानी स्वयंपाकाचा आधार दाशी नावाचे पाणी आहे. ते सहसा कोंबू हे समुद्रशेवाळ आणि सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाचे पातळ कीस यांच्यापासून करतात. मिसो सूपमध्ये दिसायला फक्त टोफू, म्हणजे सोयाबीनचे पनीर, आणि कांद्याची पात असते, म्हणून ते शाकाहारी समजून वाढले जाते, पण त्यातले पाणी माशाचे असते. तेंपुराबरोबर येणारा पातळ रस, तळलेल्या टोफूवरचा रस, सुशीसाठी मुरवलेल्या टोफूच्या पिशव्या आणि गोड अंड्याची घडी या सगळ्यांत बहुधा दाशी असते. भाज्यांचा तेंपुरा कोळंबीच्याच तेलात तळला जातो आणि त्याच्या पिठात अंडे असते. गोडसर सॉसमध्ये मिरिन आणि साके हे तांदळाचे मद्य असते, आणि माळकरी व्यक्तीला ते चालणार नाही. वेटरला नुसते ‘व्हेज आहे का’ असे विचारले तर तो मनापासून होकार देईल, कारण त्याच्या दृष्टीने वर भाजीच दिसते. म्हणून प्रश्न असा विचारावा की यात माशाचे पाणी, माशाचा कीस, अंडे किंवा साके आहे का, आणि शक्य असेल तर तो थेट शेफला विचारावा.

तरीही सासूबाईंनी उपाशी राहावे अशी वेळ येणार नाही. जपानमध्ये बौद्ध मठांतून चालत आलेली शोजिन र्‍योरी नावाची स्वयंपाकपद्धत आहे. तिच्यात मांस-मासे नाहीतच, पण कांदा आणि लसूणही परंपरेने वर्ज्य आहे, आणि दाशी कोंबू व सुकवलेल्या शिताके अळंबीची करतात. दिवाळीत चातुर्मास चालू असतो, तेव्हा सासूबाई कांदा-लसूण पाळत असतील तर ही पद्धत त्यांना सर्वात जवळची वाटेल. आदल्या दिवशी फोनवरच सांगावे की एका व्यक्तीसाठी फक्त कोंबू आणि अळंबीच्या दाशीत सूप हवे आहे, काकडीचा व अ‍ॅव्होकॅडोचा रोल वेगळ्या फळीवर वेगळ्या सुरीने कापून हवा आहे, आणि उकडलेल्या सोयाबीनच्या हिरव्या शेंगा मीठ लावून हव्या आहेत. जेवणाची तारीख ठरवताना कार्तिकी एकादशीही पाहून घ्यावी. दिवाळीनंतर दीड आठवड्याने ती येते आणि त्या दिवशी त्यांना भातही चालणार नाही. मासे भाजण्याच्या वासाचा त्यांना त्रास होत असेल, तर काउंटरपासून दूरचे, शक्य तर बाहेरच्या बाजूचे टेबल मागून घ्यावे. फोनवर यातले काहीच जमणार नाही असे कळले, तर त्यांना आधी दुसरीकडे मनासारखे जेवू घालून मग इथे सोबत आणावे. नुसत्या भातावर त्यांची बोळवण करू नये.

नणंदबाईंनी कच्चा मासा, कच्चे शिंपले आणि थंड धुरावलेला सॅमन, तिन्ही पूर्ण टाळावे. धुरावलेला सॅमन शिजलेला वाटतो पण शिजलेला नसतो, आणि लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही वाढत राहतो; गरोदरपणात त्याचा गर्भाला धोका असतो. पूर्ण शिजवलेली मासळी मात्र त्यांच्यासाठी चांगलीच आहे. फक्त मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून मोरी टाळावी आणि मोठी सुरमई व ट्यूना बेताने घ्यावेत. कोळंबी, बांगडा आणि तारली त्यांनी निःशंकपणे खावी.

सासऱ्यांसाठी मासा ही अडचण नाही, सोया सॉस ही आहे. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहण्यास सांगितले आहे. मिसो सूप आणि मिठावर भाजलेला मासाही खारटच. त्यांच्यासाठी मासा कमी मिठाचा भाजायला सांगावा आणि सॉसची वाटी त्यांच्यासमोर न ठेवता तुकडीला टोकाशी लावून द्यावा. सोया सॉसमध्ये गहू असतो, हेही कोणाला गव्हाचा त्रास असल्यास लक्षात ठेवावे.

बशीच्या कडेला हिरव्या रंगाचा गोळा येईल, तो वसाबी. खरी वसाबी महाग असल्याने बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाच्या मुळाची पूड, मोहरी आणि रंग यांचे मिश्रण असते. फेसलेल्या मोहरीचे रायते नाकात जसे चढते तसाच हा झणका, आणि दोन्हींतला झोंबणारा घटकही एकच आहे. लहान मुलाच्या निगिरीत वसाबी घालू नका असे आधीच सांगावे, कारण भात आणि मासा यांच्यामध्ये ती लावलेली असते व वरून दिसत नाही. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन प्रकारांच्या मधे तोंड स्वच्छ करण्यासाठी असतात. निगिरी हाताने खाणे जपानमध्येही रीतीला धरून आहे, तेव्हा काड्यांशी झगडण्याची गरज नाही. सॉसमध्ये बुडवताना माशाची बाजू बुडवावी. भात बुडवला तर तो फुटतो आणि मीठही जास्त जाते. काड्या भातात उभ्या रोवून ठेवू नयेत, जपानमध्ये ते मृताच्या विधीशी जोडलेले आहे.

बिलाबाबत थोडेच. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये सर्वसाधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो, आणि ७५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या खोल्या असलेल्या हॉटेलमधल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेवाशुल्क आपोआप बिलात लावू नये असे निर्देश दिले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. सेवा आवडली तर आपल्या इच्छेने जरूर द्यावे.

हे जेवण मुक्कामाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रात्री ठेवावे, परतीच्या आदल्या रात्री नाही. व्हिब्रिओचा त्रास बहुधा दिवसभराच्या आत सुरू होतो, आणि तो गोवा एक्स्प्रेसमध्ये किंवा चोर्ला घाटात सुरू व्हावा असे कोणालाच वाटणार नाही. चेहरा लाल होऊन अंगावर गांधी उठल्या, किंवा कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटात असह्य कळा येऊ लागल्या, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. कोणता मासा, कच्चा की शिजलेला, किती वाजता खाल्ला, हे त्यांना आपणहून सांगावे. अ‍ॅनिसाकिसची अळी दुर्बिणीने काढता येते, पण आपल्या भागात कच्चा मासा खाण्याची पद्धत नसल्याने आपण सांगितल्याशिवाय तो विचार चटकन कोणाच्या मनात येत नाही.